माहितीपुस्तिका लिहिणारा कोणाच्या बाजूचा?

घरात नवा मिक्सर आला की त्याचे खोके उघडताना तुम्ही जवळ असताच. थर्माकोल बाजूला होतो, भांडी बाहेर येतात आणि सर्वांत तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत एक पुस्तिका सापडते. पुढे तिचे काय होते हेही तुम्हाला ठाऊक आहे. हमीपत्रावर दुकानदाराचा शिक्का घेऊन ती कपाटातल्या कागदपत्रांत जाते आणि मिक्सर बंद पडेपर्यंत पुन्हा उजेड पाहत नाही. तिच्यावर कंपनीचे नाव असते, कारखान्याचा पत्ता असतो, दुरुस्तीसाठी फोन क्रमांक असतो. लिहिणाऱ्याचे नाव मात्र कोठेही नसते.

तरीही ती कोणीतरी लिहिलेली असते. हे काम करणाऱ्यास इंग्रजीत टेक्निकल रायटर म्हणतात. आपण त्याला तांत्रिक लेखक म्हणू. पुण्यातल्या संगणक कंपन्यांत हा व्यवसाय करणारी मराठी मुले-मुलीही आहेत, आणि तुमच्यापैकी एखादा किंवा एखादी उद्या तेथे जाईल.

सर्वसाधारण समजूत अशी, की अभियंते यंत्र तयार करतात आणि मग कोणीतरी स्वच्छ भाषेत त्याची माहिती उतरवून काढतो. यंत्र बनवणे हे खरे काम, लिहिणे हे मागाहूनचे. मला ही समजूत धोकादायक वाटते. कारखान्यात यंत्राच्या बाजूने बोलणारे पुष्कळ असतात. आराखडा करणारा असतो, खर्चाचा हिशेब पाहणारा असतो, माल विकणारा असतो. जो माणूस ते यंत्र घरी नेणार, शेतावर चालवणार किंवा रुग्णालयात वापरणार, तो मात्र त्या खोलीत नसतो. त्याच्या वतीने तेथे प्रश्न विचारणे हे तांत्रिक लेखकाचे पहिले काम आहे, असे माझे मत आहे. आणि हे काम त्याला यंत्र पुरे होण्याच्या आधीच करू दिले पाहिजे.

हे काम संगणकाच्या युगात जन्मले असे समजू नका. जेफ्री चॉसर हा इंग्रजीतला मोठा कवी. त्याने १३९१ साली चक्क एका उपकरणाची माहितीपुस्तिका लिहिली. उपकरण होते ॲस्ट्रोलेब. ही एक पितळी तबकडी असते; तिच्या साहाय्याने सूर्याची किंवा ताऱ्याची उंची मोजून वेळ काढता येते. (आपल्याकडे तिला यंत्रराज म्हणत, महेंद्रसूरी यांनी इ. स. १३७० मध्ये तिच्यावर संस्कृत ग्रंथ लिहिला आहे.) चॉसरने पुस्तिका लिहिली ती लुईस या आपल्या दहा वर्षांच्या मुलासाठी. त्या काळी असले लेखन लॅटिनमध्ये करण्याची रीत होती. पण लुईसला लॅटिन फारसे येत नाही, म्हणून आपण इंग्रजीत लिहीत आहोत, असे त्याने सुरुवातीलाच स्पष्ट केले. आधीचे ग्रंथ दहा वर्षांच्या मुलाला झेपणारे नाहीत, हेही त्याने नोंदवले. काही गोष्टी दोनदा सांगितल्याबद्दल त्याने विद्वानांची क्षमा मागितली आहे. मुलाने एकदा विसरण्यापेक्षा आपण दोनदा सांगितलेले बरे, असा त्याचा हिशेब होता. शिवाय मुलाला दिलेले उपकरण ऑक्सफर्डच्या अक्षांशाला जुळणारे होते, म्हणून सर्व विवेचन त्याच अक्षांशाला धरून केले. वापरणाऱ्याचे वय, त्याची भाषा, तो राहतो ते ठिकाण, त्याची विसरण्याची सवय! लेखणी उचलण्यापूर्वी चॉसरला एवढे ठाऊक होते. आजच्या कितीतरी पुस्तिका वाचताना हे लिहिणाऱ्याला आपल्याविषयी काय ठाऊक असावे, असा प्रश्न मला पडतो.

अर्थात चॉसरचे काम एका दृष्टीने सोपे होते. यंत्रराज शेकडो वर्षे वापरून पक्का झालेला होता, आणि वापरणारा मुलगा घरातच होता. नव्या यंत्राचे तसे नसते. ते बनवणाऱ्याला ते इतके परिचित असते, की त्यात काही अवघड आहे हेच त्याला दिसेनासे होते. हे मी प्रयोगशाळेत दरवर्षी पाहतो. पोटेन्शिओमीटरच्या प्रयोगात तारेच्या एका टोकाशी गॅल्व्हॅनोमीटरचा काटा एकीकडे आणि दुसऱ्या टोकाशी दुसरीकडे वळला पाहिजे. तो दोन्हीकडे एकाच बाजूला वळत राहिला, तर घटांची धन टोके एकाच बिंदूशी जोडली आहेत का, हे आधी पाहायचे. ही सूचना प्रयोगाच्या पुस्तकात बहुधा अगदी शेवटी, ‘दक्षता’ या मथळ्याखाली असते. विद्यार्थ्याला ती हवी असते पहिल्या पाच मिनिटांत. पुस्तक लिहिणाऱ्याने विषयाच्या क्रमाने लिहिले. अडणाऱ्याच्या क्रमाने लिहिले नाही.

प्रयोगशाळेत यामुळे फार तर एक तास वाया जातो. पण जेथे माणसाचा जीव यंत्राच्या हवाली असतो, तेथे काय होते? अशा एका यंत्राची हकीकत आता सांगतो. ती थोडी मोठी आहे, आणि सुखाची नाही.

कर्करोगाची गाठ नष्ट करण्यासाठी तिच्यावर किरणांचा मारा करतात, हे तुम्ही ऐकले असेल. ॲटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड या कॅनडातील सरकारी कंपनीने अशा उपचारासाठी ‘थेरॅक-२५’ नावाचे यंत्र बनवले होते. कॅनडा आणि अमेरिका मिळून अशी ११ यंत्रे बसवण्यात आली. यंत्रात इलेक्ट्रॉनांना २५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत ऊर्जा देता येई. गाठ त्वचेजवळ असेल तर इलेक्ट्रॉनांचा झोत पसरवून सरळ रुग्णावर सोडायचा. गाठ खोल असेल तर झोताच्या वाटेत धातूचे लक्ष्य आणायचे. त्यावर इलेक्ट्रॉन आदळले की क्ष-किरण निघतात, आणि ते खोलवर जातात. या दुसऱ्या प्रकारात झोताचा बराच भाग वाटेतच खर्ची पडतो, म्हणून मुळात तो सुमारे शंभर पट तीव्र ठेवावा लागे. तेव्हा तीव्र झोत चालू आहे आणि वाटेत लक्ष्य नाही, अशी स्थिती कधीही येता कामा नये, हे तुमच्याही ध्यानात आले असेल. आधीच्या थेरॅक-२० या यंत्रात त्यासाठी संगणकावर अवलंबून नसलेले स्वतंत्र अडसर होते. थेरॅक-२५ मध्ये ते काढून टाकले आणि ही राखण संगणकाच्या आज्ञावलीवर सोपवली.

२१ मार्च १९८६ रोजी अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील टायलर या गावी, तेथील कर्करोग केंद्रात, एका रुग्णाला इलेक्ट्रॉनांचा उपचार द्यायचा होता. यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञ बाईंनी सवयीने क्ष-किरणांचे ‘एक्स’ हे अक्षर टाइप केले; हवे होते इलेक्ट्रॉनांचे ‘ई’. चूक लगेच ध्यानात आली. वर जाणाऱ्या बाणाची कळ दाबून त्यांनी अक्षर बदलले आणि बाकीच्या नोंदी बरोबर असल्यामुळे त्या भराभर पुढे गेल्या. हे सारे आठ सेकंदांच्या आत झाले. यंत्रातली चुंबके आपापल्या जागी स्थिर व्हायला साधारण तेवढाच वेळ लागे, आणि त्या वेळात केलेली दुरुस्ती आज्ञावलीच्या एका भागाला कळतच नसे. पडद्यावर ‘ई’ दिसत होते. झोत मात्र क्ष-किरणांसाठी लागणाऱ्या तीव्रतेचा होता, आणि वाटेत लक्ष्य नव्हते.

यंत्र आपण होऊन थांबले. पडद्यावर अक्षरे उमटली, ‘मालफंक्शन ५४’. म्हणजे बिघाड क्रमांक ५४. शेजारच्या रकान्यात तर ठरल्यापेक्षा फारच थोडी मात्रा गेल्याचे दिसत होते. असे झाले की ‘पी’ ही एक कळ दाबून उपचार पुढे चालू करण्याची सोय होती. बाईंनी ती दाबली. बंद खोलीत त्या रुग्णाला दुसरा तडाखा बसला. खोलीतले दृश्य दाखवणारा संच आणि आवाज ऐकवणारी यंत्रणा, दोन्ही त्या दिवशी बंद होती. द्यायचे होते १८० रॅड. लहानशा जागेवर प्रत्यक्षात पडले १६,५०० ते २५,००० रॅड, असा अंदाज पुढे काढण्यात आला. पाच महिन्यांनी तो रुग्ण दगावला. यंत्र तपासले, काही सापडले नाही, ते पुन्हा चालू झाले. ११ एप्रिलला त्याच केंद्रात, पडद्यावर तोच ५४ क्रमांक दाखवून, दुसरा अपघात झाला. तो रुग्ण तीन आठवड्यांत गेला. १९८५ ते १९८७ या काळात या यंत्राचे असे एकंदर सहा अपघात नोंदले गेले.

आता तुम्ही विचाराल, बाईंनी ती कळ दाबलीच का? आधी पुस्तिका उघडून पाहायची नाही का?

पुस्तिका उघडली असती तर काय सापडले असते, ते सांगतो. यंत्र चालवणाऱ्यांसाठी दिलेल्या पुस्तिकेत या बिघाड-क्रमांकांचा उल्लेखच नव्हता. देखभाल करणाऱ्यांच्या पुस्तिकेत क्रमांकांची यादी होती, पण खुलासा नव्हता. ५४ या क्रमांकाचा अर्थ ‘डोस इनपुट २’ एवढाच दिलेला होता. कंपनीच्या माणसाने पुढे त्याचा अर्थ सांगितला तो असा, की दिलेली मात्रा फार जास्त किंवा फार कमी झाली आहे. शिवाय हे यंत्र असले क्रमांक वारंवार दाखवी, बहुतेक वेळा त्यातून काही वाईट निष्पन्न होत नसे, आणि ‘पी’ दाबून काम पुढे नेणे हा रोजचा परिपाठ होऊन बसला होता. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर या संशोधकांनी १९९३ साली या अपघातांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हे सर्व नोंदलेले आहे. संगणक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना हा अभ्यास आजही वाचायला देतात.

माझा मुद्दा नेमका येथे आहे. कल्पना करा, की हे यंत्र बनत असतानाच एका माणसाला सांगितले आहे: बाबा रे, चालवणाऱ्यांसाठी पुस्तिका लिही, आणि प्रत्येक बिघाड-क्रमांकापुढे एक वाक्य असे लिही, की तो क्रमांक दिसताच त्यांनी काय करावे ते कळेल. तो माणूस ५४ पर्यंत पोचतो. अभियंत्याकडे जातो. “याचा अर्थ काय?” “मात्रा फार जास्त किंवा फार कमी.” “मग मी काय लिहू? कमी गेली असेल तर उपचार पुढे चालू करा असे लिहायचे. जास्त गेली असेल तर ताबडतोब थांबा, रुग्णाला बाहेर काढा, डॉक्टरांना बोलवा असे लिहायचे. दोन्ही एकाच क्रमांकापुढे कसे लिहू?” अभियंत्याजवळ याला उत्तर नाही. उत्तर नाही, कारण ते यंत्रातच नाही. आणि मग दुसरा प्रश्न आपोआप येतो: “जास्त मात्रा गेली असण्याची शक्यता असताना एक कळ दाबून पुढे जाता येतेच कसे?”

म्हणजे जे वाक्य लिहिता येत नाही, ते यंत्रातल्या दोषावर बोट ठेवते. भाषेवर कितीही प्रभुत्व असले तरी ५४ क्रमांकापुढचे वाक्य कोणालाही नीट लिहिता आले नसते. आठ सेकंदांचा मूळ दोष या लेखकाला सापडला असता असे मी म्हणत नाही. तो आज्ञावलीत खोल दडलेला होता. पण बाईंच्या हाताखालची ‘पी’ ही कळ इतकी सोपी राहिली नसती. त्या खुर्चीवर बसणाऱ्याच्या वतीने कोणीतरी तो प्रश्न विचारलेला असता.

मूळ दोष शोधला कोणी, हेही ऐकण्यासारखे आहे. त्याच केंद्रातले एक भौतिकशास्त्रज्ञ आणि त्याच तंत्रज्ञ बाई, यांनी मिळून. (भौतिकीच्या विद्यार्थ्यांनी मान ताठ करायला हरकत नाही.) दोघांनी यंत्रासमोर बसून तो क्रमांक पुन्हा उमटवायचा प्रयत्न केला, आणि दुरुस्ती झपाट्याने केली तरच तो उमटतो असे दिसून आले. भौतिकशास्त्रज्ञांचा हात सुरुवातीला तेवढा जलद चालत नव्हता. सरावानंतर त्यांनाही ते जमले. बनवणाऱ्यांना जे सापडले नव्हते ते वापरणारीच्या बोटांच्या वेगाने सापडले.

यानंतर १५ एप्रिल १९८६ रोजी कंपनीने यंत्र वापरणाऱ्या रुग्णालयांना पत्र पाठवले. वर जाणाऱ्या बाणाची कळ दुरुस्तीसाठी वापरू नये. तिचे टोपण काढून टाकावे आणि आतील जोड विजेच्या चिकटपट्टीने बंद करावे, असे त्यात सांगितले होते. सूचना म्हणून पाहिली तर वाक्ये सोपी आहेत, कोणालाही कळतील. पण अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हे पत्र अपुरे ठरवले. का? दोष काय आहे आणि त्यापासून धोका कोणता, हे त्यात सांगितलेच नव्हते. नुसती कळ काढा म्हटले तर कामाच्या गर्दीत कोणीतरी ती परत बसवणार. ती का काढायची हे कळलेला माणूस बसवणार नाही. सोपी भाषा आणि वापरणाऱ्याची बाजू, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मासिकांतून आणि भाषणांतून सोप्या भाषेचा आग्रह फार धरतात. मी स्वतः तो धरतो. पण सोप्या भाषेतही खरी गोष्ट लपवता येते.

लिहिणाऱ्याने, किंवा सांगणाऱ्याने, वापरणाऱ्याची बाजू पहिल्यापासून धरली तर काय साधते? त्यासाठी आपल्या शेजारच्या देशात, बांगलादेशात जाऊ. येथे यंत्र नाही. मीठ, गूळ आणि पाणी आहे. सूचनाही कागदावर नव्हती, कारण ज्या आयांसाठी ती होती त्यांच्यापैकी बहुतेकींना वाचता येत नव्हते. तरी काम तेच होते.

हगवणीत शरीरातले पाणी आणि क्षार निघून जातात आणि लहान मूल त्यानेच दगावते. आतड्यात साखर आणि सोडियम एकमेकांच्या सोबतीने शोषले जातात व त्यांच्यामागून पाणी आत जाते. म्हणून योग्य प्रमाणात मीठ-साखरेचे पाणी पाजत राहिले तर मूल वाचते. १९७१ साली बंगालच्या सीमेवर बनगावच्या निर्वासितांत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर करून दाखवली होती. प्रश्न उरला तो प्रमाणाचा. मीठ जास्त झाले तर अपाय होतो, कमी झाले तर उपयोग होत नाही. डॉक्टर लिहिणार, एक लिटर पाण्यात अमुक ग्रॅम. पण खेड्यातल्या झोपडीत लिटरचे माप नाही, ग्रॅमचा तराजू नाही, चमचे आहेत ते निरनिराळ्या आकाराचे.

ब्रॅक या तेथील संस्थेने १९८० पासून दहा वर्षे घरोघर जाऊन हे शिकवले. तिची कृती अशी होती: तीन बोटांच्या चिमटीत येईल तेवढे मीठ, एक मूठ गूळ आणि अर्धा शेर पाणी. साखर घरोघरी नसे, गूळ असे. चिमूट आणि मूठ ही मापे प्रत्येकीच्या हातालाच जोडलेली, ती हरवत नाहीत. अर्धा शेर त्यांच्या रोजच्या व्यवहारातला. चिमटीत येणारे मीठ सुरक्षित मर्यादेत राहते की नाही हे तपासून पाहिले होते. शिकवणाऱ्या स्त्रिया सात मुद्दे तोंडी सांगत आणि आईकडून पाणी करवून घेत. मला सर्वांत आवडते ती यापुढची युक्ती. काही दिवसांनी तपासनीस त्यांतली काही घरे निवडून तेथे जाई, आईला मुद्दे विचारी, पाणी तयार करायला लावी, आणि त्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत जाई. शिकवणारीला मोबदला मिळे तो आईच्या लक्षात किती राहिले त्यावर! किती घरे केली यावर नव्हे. १ कोटी २० लाखांहून अधिक घरांत हे शिक्षण पोचले. (आज तयार पाकिटे मिळतात. ती पाकिटावर छापलेल्या मापाच्याच पाण्यात विरघळवायची असतात, हे जाता जाता घरी सांगून ठेवा.)

आपल्याकडच्या पुस्तिका लिहिणाऱ्यांना याच नियमाने पगार द्यायचे ठरले, तर काय गोंधळ उडेल याची कल्पना करून पाहा.

श्रीमंत देशांतल्या कार्यालयांतही हेच दिसून आले आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या वॉटसन संशोधन केंद्रात जॉन कॅरोल आणि त्यांचे सहकारी, कार्यालयात टंकलेखन करणारी माणसे संगणकावर मजकूर लिहायला कशी शिकतात, ते शेजारी बसून पाहत होते. शिकणाऱ्याने मनात येईल ते मोठ्याने बोलायचे, असा नियम होता. पुस्तिका पहिल्या पानापासून कोणी वाचत नाही, हे लगेच उघड झाले. माणसे काम करू पाहत, चुकत, आणि चूक कशी निस्तरावी हे शोधण्यासाठी पाने चाळत. नेमके तेच तेथे नसे. कॅरोल यांनी जवळजवळ निम्म्या आकाराची पुस्तिका तयार केली, तिच्यात चूक झाल्यावर काय करावे याला मानाचे स्थान दिले, आणि शिकायला लागणारा वेळ खूप कमी झाला. ते एवढ्यावर थांबले नाहीत. नवशिक्या जेथे हमखास अडकतो अशा सोयी त्यांनी शिकाऊ संगणकात तात्पुरत्या बंदच करून ठेवल्या. लहान मुलाच्या सायकलीला मागे दोन छोटी चाके लावतात ना, तसे. पुस्तिका सुधारायला निघालेला माणूस असा शेवटी यंत्र सुधारू लागतो.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो, विशेषतः हुशार विद्यार्थ्यांकडून. ते म्हणतात, सर, चांगल्या यंत्राला पुस्तिका लागतच नाही. मोबाइल फोन आम्ही कोणती पुस्तिका वाचून शिकलो? आक्षेपात तथ्य आहे. दाराला ‘ढकला’ अशी पाटी लावावी लागली तर दाराच्या मुठीचे काही चुकले आहे, हे मलाही मान्य आहे. पण फोनवर तुम्ही शिकलात ते वयाच्या ज्या टप्प्यावर आणि ज्या निर्भयपणे, तो टप्पा आणि तो निर्भयपणा तुमच्या आजीजवळ नाही. फोनवरून पैसे पाठवताना पडद्यावर ‘प्रक्रिया प्रलंबित’ एवढेच आले, तर पैसे गेले, राहिले, की पुन्हा पाठवायचे, हे तिला कळत नाही. आणि ते दोन शब्द तरी कोणी लिहिले? पुस्तिका गेली, तिच्यातली वाक्ये तुकडे होऊन पडद्यावर येऊन बसली. लिहिणाऱ्याचे काम उलट वाढले, कारण आता दोन शब्दांत भागवायचे आहे.

मराठीत तर आणखी एक अडचण आहे. आपल्यापर्यंत पुष्कळशा सूचना इंग्रजीतून भाषांतर होऊन येतात, हल्ली बहुधा संगणकानेच केलेल्या. ‘उपकरण उघडले जाण्यापूर्वी वीजपुरवठा खंडित केला गेला असल्याची खात्री केली जावी’, अशा छापाचे वाक्य तुम्ही वाचले असेल. व्याकरणाच्या तासाला प्रयोग शिकलात, तो येथे लावून पाहा. कोणी खात्री करायची? कर्ता बेपत्ता आहे. ‘झाकण काढण्याआधी प्लग काढा’ एवढे लिहिले की कर्ता समोर येऊन उभा राहतो. तो तुम्ही आहात. भाषांतर करणाऱ्याला दोष देऊन भागणार नाही. त्याच्यासमोर यंत्र नसते, वापरणारा नसतो, आणि शंका विचारायला अभियंताही नसतो. वकिलाला अशील भेटूच दिले नाही तर तो काय बाजू मांडणार?

म्हणून मला वाटते, की आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत यंत्राचा आराखडा मंजूर करण्यापूर्वी त्याच्या वापराच्या सूचना लिहून मागाव्यात. तेही त्या यंत्राशी संबंध नसलेल्या विद्यार्थ्याकडून. सूचना लांबली, ‘परंतु’ आणि ‘अन्यथा’ वाढू लागले, की आराखडा परत पाठवावा. कंपन्यांतून खर्चाचे कारण पुढे येईल, हे मला ठाऊक आहे. थेरॅक-२५ च्या पुस्तिकेत न छापलेल्या वाक्याचा खर्च कोणी भरला, हे वर आलेच आहे.

तोपर्यंत एक प्रयोग घरी करून पाहा. याला साहित्य काहीच लागत नाही. घरातली अशी एक गोष्ट निवडा, की जी तुम्हाला येते आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला येत नाही: सायकलच्या चाकात हवा भरणे, दुर्बिणीतून चंद्र पाहणे, आजोबांच्या फोनवर अक्षरे मोठी करणे. (विजेशी किंवा गॅसशी संबंधित काही घेऊ नका.) तिच्या सूचना एका कागदावर लिहा. कागद त्या माणसाच्या हातात द्या आणि शेजारी बसा. आता सर्वांत कठीण भाग: बोलायचे नाही. हात पुढे करायचा नाही, मानेने खूण करायची नाही, हसायचे तर मुळीच नाही. त्याचा हात जेथे थबकेल, किंवा तो जेथे तुमच्याकडे पाहील, तेथे आपल्या प्रतीवर पेन्सिलीने फुली मारा. काम संपल्यावर फुल्या मोजा, त्या त्या जागची वाक्ये बदला, आणि दुसऱ्या दिवशी कागद घरातल्या तिसऱ्या माणसाला द्या. काही फुल्या जातील. एखादी फुली मात्र कितीही वाक्ये बदलली तरी त्याच जागी येत राहील. तेथे कागद बाजूला ठेवा आणि ती वस्तू हातात घेऊन नीट पाहा.